ताम्र संकुले आणि पेरॉक्साइड

तांब्याची काही संकुले (धातूच्या अणूभोवती इतर रेणू बांधले जाऊन बनलेली संयुगे) हायड्रोजन पेरॉक्साइडशी विक्रिया करून अतिशय क्रियाशील ऑक्सिडीकारक तयार करतात. तांब्याने पेशीला होणारी इजा त्यातून येते, असे पाठ्यपुस्तके सांगतात. रसायनशास्त्रज्ञ हेन्री फेंटन यांनी १८९४ साली लोहलवण आणि पेरॉक्साइड वापरून टार्टारिक अम्लाचे ऑक्सिडीभवन दाखवले. ही त्याच विक्रियेची तांब्यातली आवृत्ती.

एकसंयुजी तांबे पेरॉक्साइडला एक इलेक्ट्रॉन देते. पेरॉक्साइड तुटून हायड्रॉक्सिल मूलक (जोडीविना इलेक्ट्रॉन असलेला क्रियाशील तुकडा) सुटतो आणि तांबे द्विसंयुजी होते. पेशीतले ॲस्कॉर्बिक अम्ल किंवा ग्लुटाथायोन त्याला पुन्हा एकसंयुजी करते, त्यामुळे थोडेसे तांबेही पुष्कळ पेरॉक्साइड फोडू शकते. मूलक जन्मतो तिथेच शेजारच्या रेणूवर तुटून पडतो. म्हणून तांबे किती आहे यापेक्षा ते कुठे आणि कोणाशी बांधलेले आहे, हे अधिक महत्त्वाचे. धातूला घट्ट बांधणारे ईडीटीए हे रसायन त्याला बहुतांशी निष्प्रभ करते. उलट फेनँथ्रोलिन हा तांब्याला बांधणारा दुसरा रेणू एकसंयुजी तांब्याला स्थिर ठेवते आणि डीएनएच्या अरुंद खोबणीत नेऊन बसवते. या संकुलाने डीएनए तुटतो हे डेव्हिड सिगमन यांच्या गटाने १९७९ मध्ये दाखवले. तिथे प्रत्यक्ष घाव घालणारा सुटा मूलक की तांब्याला चिकटलेला ऑक्सिजन, यावर वाद आहे.

इंदूरच्या मराठी घरांत तांब्याची घागर चिंचेने घासतात. चिंचेतले टार्टारिक अम्ल काळपट थर संकुलाच्या रूपात विरघळवते. आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या तांब्यात ठेवू नयेत, तेही याच कारणाने. साध्या पाण्यात मात्र फार कमी तांबे उतरते (जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम). जास्त तांबे पोटात गेल्यावर होणाऱ्या उलटीचे खापर पेरॉक्साइडवर फोडणे घाईचे ठरेल. जठराच्या अस्तराचा थेट दाह तेवढ्याला पुरतो. माळव्यात बटाट्यावरचा करपा रोखणारी मोरचूद-चुन्याची फवारणीही केवळ मूलकांच्या जोरावर चालते असे नाही, कारण तांबे बुरशीची विकरे सरळ निकामी करते.

पाठ्यपुस्तकी चित्राला खरा धक्का २००७ साली बसला. ई. कोलाय जिवाणूत तांबे वाढवले, तरी पेरॉक्साइडमुळे होणारी डीएनएची हानी वाढली नाही. दोन वर्षांनी त्याच संशोधकांना तांबे विकरांमधले लोह-गंधक समूह मोडताना आढळले, आणि तेही ऑक्सिजनशिवाय. तरीही भक्षक पेशी गिळलेल्या जिवाणूभोवती पेरॉक्साइडबरोबर तांबेही ओततात.