वयात येणं आणि मोठं होणं, पिक्चरवाले (आणि आपणही) दोन्ही एकच समजतो काहून?

मागच्या रविवारी तर्री पोहे खाता खाता माझी भाची, यंदा दहावीला आहे, मला म्हणाली की मावशी, 'शाळा' आणि 'टाइमपास' सारखेच आहेत ना गं, दोन्हीत कोवळं प्रेम आणि दोन्हीत केतकी माटेगावकर. मी हो म्हणून गेले आणि मग दिवसभर वाटत राहिलं की नाही, सारखे नाहीत, तिला नीट सांगायला पाहिजे होतं.

वयात येणं हे शरीराचं काम. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला निरोप देतो, ती पुढे अंडाशयाला नाहीतर वृषणाला, आणि मग हार्मोन्स, पाळी, आवाज फुटणं, मिसरूड, पिंपल्स, सगळं. पोरींमध्ये साधारण ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान सुरू होतं, पोट्ट्यांमध्ये ९ ते १४, आणि चारपाच वर्षांत बहुतेक आटोपतं.

मोठं होणं लय लांबतं. जागतिक आरोग्य संघटना किशोरवय १० ते १९ धरते, पण थांबून विचार करणारा, स्वतःला आवरणारा मेंदूचा जो पुढचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, तो विशीच्या मध्यापर्यंत घडतच असतो. एरिक एरिक्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने तर या वयाचा मुख्य प्रश्नच 'मी कोण' हा सांगितला. म्हणजे दाढी आली तरी हा प्रश्न बाकी राहू शकतो, कित्येकांचा राहतोच.

आता पिक्चर. 'टाइमपास' (२०१४) मध्ये दगडू दहावी नापास, प्राजक्ताचे वडील कडक, आणि सगळी गंमत पहिल्या ओढीची आहे, ते वयात येणंच, आणि मला ते आवडतं सुद्धा. 'बालक-पालक' (२०१३) पण त्याच बाजूचा, पण फार कामाचा, कारण घरात कोणीच काही सांगत नाही म्हणून पोरं व्हीसीआरवरच्या 'तसल्या' कॅसेटकडे वळतात हे त्याने सरळ दाखवलं. आपल्याकडे अजूनही पोरीला पाळी आल्यावर घाईघाईने सांगतात आणि पोट्ट्याला तर कोणी काहीच सांगत नाही, याचा मला खरंच राग येतो.

'शाळा'त ओढ तीच, पण नववीतल्या जोशीच्या आजूबाजूला आणीबाणी आहे, मोठ्या माणसांचं बोलणं त्याच्या कानावर पडतंय, आणि त्याला आवडणारी शिरोडकर निघून गेल्यावर तो जसा एकटा उरतो ते मोठं होणं. 'फँड्री'तल्या जब्याला शालू आवडते, ते वयात येणं झालं, पण गाव आपल्याला जातीवरून कुठे उभं करतं हे त्याला डुक्कर पकडताना सगळ्यांसमोर कळतं, आणि शेवटी तो दगड उचलतो.

एक गोष्ट मात्र दोन्ही बाजूंचे पिक्चर बरोबर पकडतात, ती म्हणजे दोस्त. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये गाडी चालवायच्या व्हिडिओ गेमवर प्रयोग केला होता, तर दोस्त बाजूला बसले की किशोरवयीन पोरं एकटी असतानापेक्षा जास्त धोका पत्करायची, चोवीस वर्षांवरच्या मोठ्यांवर मात्र फारसा फरक पडायचा नाही. नागपूरच्या फुटाळा तलावावर संध्याकाळी ट्रिपल सीट स्कूटी बघा, तोच पोट्टा एकटा असला की गुमान लेफ्टने जातो. पिक्चरमध्ये 'जा बे, विचार तिला' म्हणणारा दोस्त असतो ना, तो म्हणूनच इतका खरा वाटतो.

आणि आपल्या नागपूरचा 'झुंड' (२०२२). त्यात प्रेमबिम मागेच राहतं, झोपडपट्टीतल्या पोट्ट्यांना फुटबॉल मिळतो. पण मला सगळ्यात जास्त लागली ती रिंकू राजगुरूची आदिवासी पोरगी, पासपोर्टसाठी बापासोबत कागदं गोळा करत फिरणारी. मी कोण, हा एरिक्सनचा प्रश्न तिला चक्क सरकारी टेबलापुढे उभं राहून सोडवायचाय.

काल भाचीला हे सगळं फोनवर सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, मावशी, 'झुंड' लावशील का गं रविवारी, आईला पण घेऊन येते.