बलकांवातली रेसची डिंगी: ही भानगड सुरू कुठून झाली

एप्रिलपासून गोव्यात बेतीला माझ्या मावसभावाच्या बलकांवात (घरापुढच्या ओसरीत) एक होडी उभी राहत होती. मासेमारीची नाही, टुरिस्ट फिरवायचीही नाही, चक्क रेसची शिडाची डिंगी. अकरा फुटांना दोन इंच कमी, सगळी प्लायवूडची. मावशी म्हणायची गणेश चवथीच्या आधी हे धूड हलव, शेजारी विचारतात लायसन लागतं का, आणि जो येतो तो एकच प्रश्न टाकतो की रेसची होडी कोणी घरी बांधतं का. बांधतात, म्हणजे एके काळी हजारोंनी बांधायचे. ते कसं सुरू झालं आणि मग कसं थांबलं ते एकदा लिहून टाकतो, दरवेळी तोंडी सांगून कंटाळा आलाय.

आधी शब्दाचं. डिंगी हा शब्द इंग्रजांनी इथूनच उचलला, हिंदी-बंगालीतली डिंगी, छोटी होडी. स्पेलिंगमध्ये एक जादाचा एच आहे तो 'डिंजी' असं कोणी वाचू नये म्हणून घुसवलेला. शब्द आपला म्हणून खेळ आपला असं मात्र नाही, खेळ पूर्ण त्यांचा.

आणि तो खेळ सुरुवातीला पैसेवाल्यांचाच होता. जुनी रेसिंग डिंगी म्हणजे एकावर एक चढवलेल्या पातळ फळ्या, आत वाफेवर वाकवलेल्या बरगड्या, तांब्याचे शेकड्यांनी खिळे. हे काम मुरलेल्या कारागिराचंच, आणि तो पैसेही तसेच घेणार. १९२८ मध्ये उफा फॉक्स या इंग्रज डिझायनरनं अव्हेंजर नावाची १४ फुटी डिंगी काढली जी पाणी कापत जाण्याऐवजी पाण्यावर चढून घसरत पळायची. ५७ रेसमध्ये उतरली आणि ५२ जिंकली. छोटी होडीही इतकी पळू शकते हे लोकांना तेव्हा कळलं. पण ती बघायची, स्वप्नात ठेवायची, घरी कोण बांधणार.

घरी बांधायचा विचार डोक्यात ठेवून काढलेली पहिली मोठी गाजलेली रेसबोट म्हणजे स्नाइप. अमेरिकेत विल्यम क्रॉस्बीनं १९३१ मध्ये एका बोटिंग मासिकात तिचे प्लॅन छापले, साधी कोनाची बांधणी, गोलाई नाही. पहिली स्नाइप बांधली ती जिमी ब्राऊन नावाच्या १४ वर्षांच्या पोरानं, बापाच्या मदतीनं, मिसिसिपीतल्या पास ख्रिश्चन गावात. मला ह्या सगळ्या इतिहासात हा पोरगा सगळ्यात आवडतो. मासिक येतं, पोरगा प्लॅन बघतो, बापाला पटवतो. आमच्याकडे बापाला पटवणं हाच प्रोजेक्ट झाला असता.

खरा बदल झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि तो झाला गोंदामुळे. प्लायवूड आधीही होतं पण पाण्यात गेलं की थर सुटायचे. युद्धात मॉस्किटोसारखी विमानं लाकूड आणि प्लायची बनली, त्यासाठी पाण्याला दाद न देणारे सिंथेटिक गोंद लागले, आणि युद्ध संपल्यावर तेच गोंद आणि तीच प्लाय साध्या माणसाच्या हाताला लागली. (गोंदाचं महत्त्व आम्हाला अनुभवानं कळलं. भावानं एका दुकानातून 'शंभर टक्के वॉटरप्रूफ' म्हणून प्लाय आणली, मी म्हटलं तुकडा उकळून बघू, तर दोन तासांत त्याचे खारीसारखे पापुद्रे सुटले. मग गपचूप आयएस ७१० चा शिक्का बघून मरीन प्लाय आणली. त्या स्टँडर्डात ७२ तास उकळायची टेस्ट असते, आम्ही एवढा गॅस जाळला नाही.)

प्लायचा एक स्वभाव आहे तो कळला की त्या काळच्या सगळ्या होड्या अशा चापट कोनांच्या का दिसतात ते कळतं. चण्याची पुडी आठवा. कागद एका दिशेनं वळतो, पुडी होते, नळी होते, पण त्याच कागदात संत्रं गुंडाळायला गेलात तर चुण्या पडतात. प्लायही तसंच, एकाच दिशेनं वाकतं. म्हणून गोलाई सोडून द्यायची, तळाचे पत्रे वेगळे, बाजूचे वेगळे, आणि जिथं मिळतात तिथं एक कडक कोपरा. हा कोपरा, त्याला चाइन म्हणतात, जोडता आला की होडी झाली.

यावर १९४७ मध्ये दोन ठिकाणी जवळपास एकदमच काम झालं. फ्लोरिडातल्या क्लियरवॉटरला ऑप्टिमिस्ट क्लब नावाच्या संस्थेत कोणीतरी भाषण दिलं की पोरं लाकडी गाड्या बनवून उतारावरून शर्यती लावतात तसं पाण्यावर काहीतरी पाहिजे, खर्च ५० डॉलरच्या आत. क्लार्क मिल्स या बोट बांधणाऱ्यानं प्लायच्या दोन शीटमध्ये बसेल अशी बोथट नाकाची पेटी काढली. तीच ऑप्टिमिस्ट, जी आज दोना पावलाच्या बाजूला लहान पोरं चालवताना दिसतात. दिसायला आंघोळीच्या टबासारखी आहे, पण हसू नका, पुढं ऑलिंपिकला गेलेले कितीतरी जण यातूनच शिकलेत. आणि इकडे इंग्लंडमध्ये जॅक होल्टनं एका यॉटिंग मासिकासाठी कॅडेट काढली, तीही पोरांसाठीच, तीही प्लायची.

जॅक होल्ट हा माणूस म्हणजे या विषयातला मेस्तच, उस्ताद सुतार. लंडनमध्ये पटनीला नदीकाठी त्याचं वर्कशॉप होतं. कॅडेटनंतर १९४९ ला जीपी १४, मग १९५६ ला एंटरप्राइज, जी एका वर्तमानपत्रानं पुढं आणली आणि जाहिरात म्हणून जानेवारीच्या थंडीत रात्री दोन एंटरप्राइज इंग्लिश खाडी पार करून दाखवल्या. निळ्या शिडाची ही होडी आपल्याकडेही क्लबांत आणि फौजेत भरपूर चालली, जुन्या सेलिंगवाल्यांना विचारा. त्याच सुमारास डेन्मार्कमध्ये क्नुड ओल्सेननं ओके डिंगी काढली (नाव म्हणजे त्याचीच आद्याक्षरं उलटी), आणि १९६२ मध्ये पीटर मिल्ननं फायरबॉल. ही फायरबॉल म्हणजे चापट नाकाचं फळकूटच, पण ट्रॅपीझला (डोलकाठीवरून आलेल्या तारेला) लटकून अशी पळवतात की बस. १९८२ च्या एशियाडचं सेलिंग मुंबईला झालं तेव्हा फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉलमध्येच गोल्ड मारलं.

पण या सगळ्या होड्यांत एक अडचण राहिलीच होती. प्लाय कितीही सोपी म्हणा, आत आधी लाकडी सांगाडा करायचा, त्या कोपऱ्याला आतून लांबलचक पट्टी बसवायची, ती पट्टी दोन्ही बाजूंच्या कोनात तासायची, आणि हा कोन नाळेपासून, म्हणजे होडीच्या नाकापासून, पिछाडीपर्यंत इंचाइंचाला बदलतो. रंधा हातात घेतलाय त्याला माहीत असेल की इथंच हौशी माणूस सोडून देतो.

ही पट्टीच उडवून लावली केन लिटलडाइक नावाच्या एका शिक्षकानं, कयाक बांधता बांधता. पत्रे कापायचे, कडांना भोकं पाडायची, तांब्याच्या तारेनं टाके घालून एकमेकांना शिवायचे, आणि मग त्या सांध्यावर फायबरग्लासची (काचेच्या धाग्यांची) पट्टी रेझिननं, म्हणजे सुकून कडक होणाऱ्या चिकट द्रवानं, चिकटवायची. सांगाडाच नको, पत्रे शिवले की होडी आपोआप आकार घेते. अक्षरशः शिंप्याचं काम. ही पद्धत उचलली बॅरी बकनेलनं, जो बीबीसीवर घरदुरुस्तीचे कार्यक्रम करायचा आणि सुताराचा जन्मजात हात नसलेल्यांसाठीच सगळं दाखवायचा. डेली मिरर या पेपरला स्वस्तातली घरगुती होडी पाहिजे होती, बकनेलची शिवण आणि जॅक होल्टचं डिझाइन एकत्र आलं, आणि १९६३ च्या लंडन बोट शोमध्ये मिरर डिंगी बाहेर पडली. किंमत ६३ पौंड ११ शिलिंग, खोक्यातून किट घरी. शीड लाल कारण पेपरचा रंग लाल. डोलकाठी दोन तुकड्यांत, म्हणजे सगळ्या काठ्या होडीच्याच लांबीत मावतात आणि होडी कारच्या टपावर जाते. नुसत्या हलचं, म्हणजे शीड-काठ्या सोडून उरलेल्या होडीचं, वजन ४५ किलोच्या आसपास, दोन माणसं आरामात उचलतात. अशा ७० हजारांहून जास्त झाल्या आणि त्यातल्या कितीतरी लोकांच्या गॅरेजात, बैठकीच्या खोलीत बांधलेल्या.

आमच्या बलकांवात जी बांधली ती याच जातीची. टाके घालायचं काम मी दोन संध्याकाळी केलं. तार घालायची, बाहेरून पक्कडीनं पिळायची, जास्त पिळली तर प्लायच्या काठाला चीर जाते, कमी पिळली तर सांधा फट दाखवतो, आणि जिथं तळ नाळेकडे वर वळतो तिथं प्लाय अशी काही तटतटते की हात काढला की सगळं सुटणार असं वाटतं. पण शेवटचा टाका बसला आणि मघाशी जमिनीवर सपाट पडलेल्या शीटची होडी झाली, हे डोळ्यासमोर बघायला मजा येते राव.

तेव्हाच शेजारचे एक म्हातारे रापणकार (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे मच्छीमार) येऊन बसले होते. त्यांनी बराच वेळ बघितलं, मग विचारलं ही तार नंतर राहणार का. भाऊ म्हणाला नाही, रेझिन सुकलं की तार कापून काढायची. तर म्हणाले, "काडून उडयतलो जाल्यार शिंवलें कित्याक?" म्हणजे काढूनच टाकणार तर शिवलं कशाला?

प्रश्न बरोबर जागी लागला. कारण आपल्या किनाऱ्यावर होडी शिवणं काही नवं नाही, रापणीच्या मोठ्या होड्या काथ्यानंच शिवलेल्या असायच्या. फळीला फळी भिडवायची, काठाला भोकं, फटीवर काथ्याची वळी दाबून बसवायची आणि वरून सुंभ ओढून आवळायचा. पण तिथं सुंभच होडी धरून ठेवतो. खिळा नाही म्हणून गंज नाही, आणि वाळूवर आपटली, लाटेत आली तर शिवण जरा देते, फळी फुटत नाही. वेळ झाली की सुंभ काढून पुन्हा शिवायची. लिटलडाइकच्या पद्धतीत तार म्हणजे टाचणी, कापड जागेवर धरायला, खरं काम गोंद आणि काचेच्या पट्टीचं. दिसायला दोन्ही शिवणच पण आतलं डोकं एकदम उलटं, एक होडी लवचिक ठेवायला शिवतो, दुसरा कडक करायला. आणि रेसला कडकच पाहिजे, होडी पीळ खाऊ लागली की शिडाची ताकद वेगात न जाता पिळण्यातच जाते.

आता ती जुनी शिवण गोव्यातच परत बघायला मिळाली हा योगायोग भारी आहे. दिवाडी बेटावर होडी इनोव्हेशन्सनं नेव्हीसाठी आयएनएसव्ही कौंडिण्य बांधलं, अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून, केरळचे बाबू शंकरन आणि त्यांच्या कारागिरांनी फळ्या शिवून. फेब्रुवारी २०२५ मध्ये पाण्यात गेलं, मे महिन्यात कारवारला नेव्हीत दाखल झालं, आणि डिसेंबरात पोरबंदरहून मस्कतकडे निघालं. आणि त्याच दिवाडीला रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात आधी म्हादेई झाली होती, लाकूड आणि फायबरग्लासची, जिच्यावरून दिलीप दोंदे यांनी २०१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. एका छोट्या बेटावर शिवणीचं आणि फायबरग्लासचं अशी दोन्ही टोकं, फेरीतून उतरलं की चालत जाता येईल एवढ्या अंतरात.

तर घरगुती रेसबोटींचं पुढं काय झालं. फायबरग्लास आला. १९६९ मध्ये ब्रूस कर्बीनं फोनवर बोलता बोलता एक चित्र खरडलं, त्यातून १९७१ ला लेझर बाजारात आली, साच्यातून काढलेली, सगळ्या एकसारख्या, विकत घ्या आणि पाण्यात घाला. दोन लाखांहून जास्त खपल्या. तिचे नियमच असे की घरी बांधायचा प्रश्नच नाही, साचा कंपनीचा. रेसच्या दृष्टीनं यात न्याय आहे हे मान्य, होडी सारखी म्हणजे जिंकणारा माणूस, सुतार नव्हे. ऑप्टिमिस्टचं पण तेच झालं. ५० डॉलरमध्ये पोरांनी बांधायची म्हणून काढलेली होडी, पण मापात थोडी सूट होती तोवर पैसेवाले आईबाप जास्त वेगवान हल शोधायला लागले, शेवटी १९९५ मध्ये नियम आवळून सगळ्या एकाच मापाच्या केल्या. मला विचाराल तर उपाय बरोबर होता पण मूळ गंमत त्यात गेली.

गंमत टिकली ती मॉथसारख्या क्लासात (एकाच नियमांखाली रेस करणाऱ्या होड्यांच्या गटात), जिथं लांबी-रुंदी-शिडाच्या मर्यादा सांभाळून बाकी काय वाटेल ते करा असा नियम. १९२८ मध्ये ऑस्ट्रेलियात लेन मॉरिसनं सुरू केलेली ही साधी होडी आता फॉईलवर (पाण्याखालच्या पंखांवर) पाण्याच्या वर उडते, आणि त्याची सुरुवातीची खटपट बरीचशी हौशांच्या शेडमध्येच झाली. दुसऱ्या टोकाला अमेरिकेतली पडल डक रेसर, २००३ ची. आठ फुटी चौकोनी पेटी, तळाचे फक्त १० इंच सगळ्यांचे सारखे, वर तुमची मर्जी. कुरूप म्हणजे किती कुरूप, पण बांधून होते.

मिरर मात्र घरी बांधता येते अजून, आणि एक गोष्ट आता जुन्या काळापेक्षा बरी आहे. मूळ किटमध्ये पॉलिएस्टर रेझिन असायचं, ते लाकडाला नीट धरत नाही, काही वर्षांनी पट्टी सुटते. आता इपॉक्सी. पण इपॉक्सीला गोव्याची हवा मानवत नाही. मे महिन्यात भावानं आइस्क्रीमच्या डब्यात एकदम जास्त कालवलं तर दहा मिनिटांत डबा तापून धूर सोडायला लागला, अंगणात फेकावा लागला. जुलैत उलटं, दमट हवेत वर एक चिकट मेणासारखा थर धरतो, तो पाण्यानं धुऊन पॉलिशपेपर मारल्याशिवाय पुढचा हात दिलात तर चिकटणारच नाही. आम्ही एकदा न धुता दिला. तो हात मग दोन रविवार खरवडला.

चवथीला होडी मांगरात (मागच्या शेडमध्ये) गेली, मावशीची माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-भाज्यांची चौकट) बलकांवातून सुखरूप आत आली. तार सगळी काढून झालीय, भोकं बुजवलीत, आतून एक हात रंगाचा बाकी आहे. शीड शिवून घ्यायचंय, आणि सेल नंबर पाहिजे असेल तर क्लासच्या नियमांप्रमाणे माप घ्यायला मेजरर लागतो, तो बेतीत कुठून आणायचा हे अजून ठरलेलं नाही. दिवाळीनंतर मांडवीत घालू म्हणतोय, ओहोटी नसताना. ते म्हातारे अजून येऊन सांध्यावर नख मारून बघतात.