मालमत्ता बाजाराची परिपक्वता कशी ओळखावी?

विकसनशील देशाच्या राजधानीत उंच इमारती उभ्या राहिल्या आणि जमिनीचे भाव चढले, की तेथील मालमत्ता बाजार परिपक्व झाला असे सहज मानले जाते. पण नुसता परकीय भांडवलाचा लोंढा आल्यानेही इमारती आणि भाव असे वाढू शकतात. जेफ्री किओ आणि एमन डार्सी या अभ्यासकांनी १९९४ मध्ये लंडन, बार्सिलोना आणि मिलान या शहरांची तुलना करताना वेगळे निकष मांडले: मालकी हक्क व व्यवहारपद्धती प्रमाणित आहेत का, माहिती मुक्तपणे मिळते का, मूल्यांकन करणारा जाणकार व्यवसाय उभा आहे का, बाजार सर्वांना खुला आहे का.

यांपैकी माहितीचा निकष मला सर्वांत बोलका वाटतो. घरांच्या किमतींचा निर्देशांक काढण्याच्या एका प्रचलित पद्धतीत एकच घर दोनदा विकले गेले असता दोन्ही किमतींतील फरक पाहतात. त्यासाठी दोन्ही विक्री नोंदवल्या जाणे आणि दस्तात खरी किंमत लिहिलेली असणे आवश्यक असते. जेथे कर वाचवण्यासाठी रक्कम कमी दाखवली जाते, तेथे असा निर्देशांक विश्वासार्ह ठरत नाही. म्हणजेच तो काढता येतो की नाही, हीच बाजाराची एक कसोटी ठरते.

मात्र लंडनची मोजपट्टी सर्वत्र जशीच्या तशी लावणे मला योग्य वाटत नाही. घानामध्ये बहुतांश जमीन पारंपरिक प्रमुख आणि घराणी यांच्या ताब्यात असते, आणि तेथील व्यवहारांना स्वतःचे नियम आहेत. त्या व्यवस्थेला केवळ अपरिपक्व म्हणण्यापेक्षा, एकच भूखंड दोघांना विकला गेल्यास वाद कोण सोडवतो, किती काळात सोडवतो आणि तो निर्णय सावकार किंवा बँक ग्राह्य धरते का, हे तपासणे अधिक उपयोगी आहे.

रवांडाने हवाई छायाचित्रे आणि स्थानिक प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या साहाय्याने काही वर्षांतच एक कोटीहून अधिक भूखंडांची नोंद केली. ही कामगिरी खरोखर मोठी आहे. परंतु त्यानंतरच्या अनेक विक्री आणि वारसा-वाटण्या नोंदणीबाहेरच झाल्या, कारण लहान शेतकऱ्यासाठी नोंदणी शुल्क जमिनीच्या किमतीच्या मानाने जड होते. म्हणून मूल्यमापन करताना पहिल्या मालकीपत्रांची संख्या मोजून थांबू नये. तोच भूखंड पुढे हस्तांतरित झाला, तेव्हा नवा मालक स्वतःहून नोंदणी कार्यालयात गेला का, हे पाहावे.