पॉइंट टू-टू: सेमी-ऑटोमॅटिक रायफल आणि लांबच्या नेमाची पार्श्वभूमी

एनसीसी केलेल्या माणसाला ‘पॉइंट टू-टू’, म्हणजे .22 इंची काडतुसाची रायफल, काय असते हे सांगावं लागत नाही. जमिनीवर पालथं पडायचं, 25 यार्डांवरच्या टार्गेटवर मोजक्या गोळ्या झाडायच्या आणि मग उस्ताद ‘ग्रुपिंग’ बघणार. गोळ्या मधोमध लागल्या का, यापेक्षा त्या एकमेकींच्या किती जवळ पडल्या याला मान जास्त. छोट्या कॅलिबरची, म्हणजे नळीच्या छोट्या व्यासाची, सेमी-ऑटोमॅटिक रायफल (दर बारानंतर पुढची गोळी आपोआप भरणारी) निवडताना आजही प्रश्न तोच असतो, फक्त अंतर 25 यार्डांचं राहिलेलं नाही.

या .22 काडतुसाचं मूळ फ्रान्समधलं. 1845 च्या सुमारास लुई-निकोला फ्लोबेर यांनी दिवाणखान्यात बसून नेमबाजी करता यावी म्हणून एक चिमुकलं काडतूस काढलं. 1857 मध्ये अमेरिकेत स्मिथ अँड वेसनने .22 शॉर्ट आणलं आणि 1887 मध्ये स्टीव्हन्स कंपनीचं .22 लाँग रायफल आलं. 5.6 मिलिमीटर व्यासाची, जेमतेम अडीच ग्रॅमची त्याची गोळी आजही तीच आहे. या जातीच्या काडतुसाचा बार उडवणारा मसाला बुडाच्या कडेत, म्हणजे रिममध्ये, भरलेला असतो. पुढची बरीच रडगाणी त्या कडेपाशीच सुरू होतात.

दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात ब्रिटिश शिपायांच्या नेमाची अब्रू गेली. मग ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या आग्रहाने इंग्लंडभर छोट्या रायफल क्लबांचं पेव फुटलं. स्वस्त .22, जवळचं टार्गेट आणि एका वेळी एकच गोळी हाताने भरायची. आपल्या एनसीसीतला सराव याच वळणाचा, आणि ऑलिंपिकची 50 मीटर रायफलही. तिथे आजही प्रत्येक गोळी हातानेच भरावी लागते. टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं. तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये म्युनिकला जिंकलेलं विश्वविजेतेपद आणि स्वप्नील कुसाळेचं 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमधलं कांस्य, कोल्हापूरच्या या दोघांनी कमावलं ते याच काडतुसावर.

सेमी-ऑटोमॅटिकचं घराणं वेगळं. विंचेस्टरची 1903 ची रायफल ही अमेरिकेत बाजारात चाललेली पहिली अशी .22. तिच्यासाठी मुद्दाम वेगळ्या मापाचं, धूररहित दारूचं काडतूस काढलं, कारण काळ्या दारूची काजळी यंत्रणेत बसली की सगळं अडकायचं. नेहमीचं काडतूस कुणी चुकूनही भरू नये, हा हेतू. मग ब्राउनिंगची रायफल आली, 1960 मध्ये मार्लिनची मॉडेल 60 आणि 1964 मध्ये रूगरची 10/22. या साऱ्या जन्मल्या डबे उडवायला आणि खारी-ससे मारायला. बार उडाला की रिकामी पुंगळी मागे ढकलली जाते आणि तीच बोल्टला, म्हणजे तिच्यामागच्या सरकत्या लोखंडी तुकड्याला, रेटते; बोल्टला कुलूप नसतं, नुसतं वजन आणि स्प्रिंग. मॅगझीनमधली पुढची गोळी न अडकता आत जावी म्हणून चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, किंचित सैल ठेवतात. टार्गेट रायफलमध्ये ते घट्ट असतं, गोळी नळीच्या आतल्या, तिला फिरकी देणाऱ्या आट्यांशी सरळ टेकते. लांबच्या नेमात सेमी-ऑटो मागे पडते त्याचं एक मोठं कारण हे. वेगाने गोळ्या सुटतात म्हणून नेम चुकतो, हा समज मला तरी अर्धवट वाटतो.

रूगरने मात्र नकळत एक दार उघडलं. 10/22 ची नळी दोन स्क्रूंनी बसवलेली आहे. ती घरी बदलता येते म्हटल्यावर जाड नळ्या, घट्ट चेंबर आणि हलके चाप बनवणाऱ्यांचा एक धंदाच उभा राहिला. डबे उडवायची बंदूक त्यातून टार्गेटच्या जवळ सरकली.

तरी अंतर ते अंतरच. 50 यार्डांवर नेम जुळवलेली रायफल 100 यार्डांवर साधारण वीतभर खाली मारते आणि 200 यार्डांवर मीटरभर. वेगवान काडतूस घेतलं की काम होईल, असं नव्यांना वाटतं. पण ती गोळी आवाजापेक्षा वेगाने निघते आणि 100 यार्ड गाठेपर्यंत आवाजाच्या वेगाच्या खाली उतरते. त्या उतरणीत ती डगमगू शकते. वाराही तिला जास्त ढकलतो, हे तर आणखी उलटं. म्हणून टार्गेटवाले मुद्दाम आवाजापेक्षा सावकाश, सेकंदाला 325 मीटरच्या आसपासची गोळी घेतात. अशी मंद काडतुसं काही सेमी-ऑटोमध्ये बोल्ट पुरता मागे रेटत नाहीत, म्हणजे पुन्हा अडकणं आलं.

शेवटी ती कडेतल्या मसाल्याची गोष्ट. तो कमीजास्त पसरला की वेग बदलतो. दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला 10 मीटरचा फरक पडला तर 50 मीटरवर तो पाऊण सेंटिमीटरही दिसत नाही, 100 मीटरवर मात्र अडीच सेंटिमीटरच्या आसपास जातो. ही काडतुसं घरी पुन्हा भरता येत नाहीत. म्हणून जाणकार नेमबाज एकाच छापाच्या वेगवेगळ्या लॉटमधली, म्हणजे कारखान्याच्या निरनिराळ्या खेपांमधली, थोडी थोडी आपल्याच रायफलमधून झाडून बघतात आणि ज्या लॉटचं ग्रुपिंग घट्ट, त्याची पेटीच्या पेटी उचलतात.