इंडिगो रंग (अंतर्गत गृहसजावट)

निळा आणि जांभळा यांच्या मधला गडद रंग. वर्णपटाच्या ‘तानापिहिनिपाजा’ या क्रमात पारवा म्हणून येतो तो हाच. त्याची तरंगलांबी साधारणपणे ४२५ ते ४५० नॅनोमीटर धरली जाते. आयझॅक न्यूटन यांनी संगीतातील सात स्वरांशी मेळ राखून वर्णपटाचे सात भाग केले, त्यांत या रंगाला स्वतंत्र जागा मिळाली. घराच्या भिंतींसाठी मात्र ही व्याख्या फारशी उपयोगी पडत नाही. रंगकंपन्यांच्या शेडकार्डांवर इंडिगो या नावाखाली नेव्ही ब्लूच्या जवळच्या, जांभळटपणाकडे झुकलेल्या आणि पाटीच्या दगडासारख्या करड्या-निळ्या अशा बऱ्याच वेगवेगळ्या छटा आढळतात. संगणकाच्या पडद्यावर याच नावाने ठरवून दिलेला रंग (लाल ७५, हिरवा ०, निळा १३०) तर बहुतेकांना सरळ जांभळा वाटेल. त्यामुळे पडद्यावरचे चित्र पाहून किंवा नुसत्या नावावर विसंबून भिंतीचा रंग ठरवू नये.

नीळ आणि भिंतीचा रंग : मूळची नीळ ही वनस्पतिजन्य. तिच्यातील इंडिगोटिन हे रंगद्रव्य नीळीच्या झुडपापासून आणि इतर काही वनस्पतींपासून मिळते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ॲडॉल्फ फॉन बायर यांनी १८८३ मध्ये त्याची रासायनिक रचना निश्चित केली आणि १८९७ पासून जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीची कृत्रिम नीळ बाजारात आली. कापडावर उत्तम बसणारी ही नीळ रंगलेपात मिसळली की उजेडाने विटते. भिंतीवर ती टिकवून दाखवली ती मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील प्राचीन माया संस्कृतीच्या कारागिरांनी. नीळ आणि पॅलिगोर्स्काइट ही माती एकत्र तापवून त्यांनी ‘माया निळा’ तयार केला. मातीच्या कणांतील सूक्ष्म पोकळ्यांत नीळीचे रेणू अडकून बसल्याने हा रंग ऊन, दमट हवा आणि आम्ले यांनाही दाद देत नाही. मेक्सिकोतील बोनाम्पाक येथील आठव्या शतकाच्या अखेरची भित्तिचित्रे आजही निळी आहेत ती त्यामुळेच.

आजच्या इमल्शनमध्ये (भिंतीच्या पाण्यात मिसळणाऱ्या रंगात) नीळ नसते. थॅलोसायनिन निळा, डायॉक्झाझिन जांभळा आणि काजळीचा काळा अशी रंगद्रव्ये ठरावीक प्रमाणात मिसळून इंडिगो तयार करतात. कोणते द्रव्य किती, यावर त्या छटेचा स्वभाव ठरतो. जुन्या पद्धतीच्या निळ्या द्रव्यांपैकी प्रशियन निळा अल्कलीने नासतो, म्हणून ताज्या चुन्यावर किंवा सिमेंटवर तो चालत नाही. अल्ट्रामरीन चुन्यावर टिकतो, पण आम्लाने फिका पडतो.

छटेचा कल ओळखणे : गडद रंगाचा कल सहजी कळत नाही; दुकानात सगळेच इंडिगो ‘गर्द निळे’ दिसतात. सोपा उपाय म्हणजे शेडकार्डाच्या त्याच पट्टीवरची सर्वांत फिकी छटा पाहणे. तिथे लपलेला कल उघडा पडतो : कुठे जांभळट, कुठे हिरवट, कुठे राखाडी. जांभळट कलाचा इंडिगो लाकूड आणि पितळ यांच्याजवळ उबदार वाटतो. हिरवट कलाचा थंड आणि काटेकोर दिसतो. राखाडी कलाचा सर्वांत सांभाळून घेणारा असतो, पण मंद उजेडात तो निव्वळ काळपट होण्याची शक्यता अधिक.

उजेड : इंडिगोच्या यशापयशाचा मुख्य भाग इथेच ठरतो. रंग किती प्रकाश परत फेकतो हे दाखवणारे प्रकाश परावर्तन मूल्य (एलआरव्ही) ० ते १०० या मोजपट्टीवर देतात. चांगल्या पांढऱ्या रंगाचे ते ८५ च्या आसपास असते, तर बहुतेक इंडिगो छटांचे १० च्या आत. म्हणजे भिंतीवर पडलेल्या प्रकाशातला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग भिंतच गिळते. चारही भिंती इंडिगो केल्या आणि दिवे तेच ठेवले, तर खोली अंधारी होणारच. त्यात रंगाचा दोष नाही. छतावरच्या एका दिव्याऐवजी भिंतीवर प्रकाश टाकणारे, वाचायच्या जागेजवळचे आणि कोपऱ्यातले असे निरनिराळ्या उंचीवरचे दिवे लावावेत.

दिव्याचा रंगही तितकाच महत्त्वाचा. दिव्याच्या उजेडाची छटा केल्विन या एककात सांगतात; आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर. २७०० केल्विनच्या पिवळसर दिव्यात निळ्या तरंगलांबीचा प्रकाश कमी असतो, त्यामुळे इंडिगो भिंतीला परत फेकायला फारसे काही उरत नाही आणि ती कोळशासारखी दिसू लागते. ४००० केल्विनच्या आसपासच्या दिव्यात तिचा निळेपणा परततो, मात्र शयनगृहात तो उजेड अनेकांना कोरडा वाटतो. अशा वेळी ३००० केल्विनचे, पण वस्तूंचे रंग किती खरे दिसतात हे सांगणारा रंगदर्शन निर्देशांक (सीआरआय) ९० किंवा त्याहून जास्त असलेले दिवे हा चांगला मध्यममार्ग ठरतो. दोन पृष्ठभाग एका उजेडात जुळावेत आणि दुसऱ्यात विजोड दिसावेत, असेही घडते. पडदा आणि भिंत यांचा इंडिगो दुकानात तंतोतंत जुळला तरी घरच्या दिव्यात वेगळा पडू शकतो. ज्या खोलीत थेट ऊन येत नाही, तिथे आकाशाचा निळसर उजेड इंडिगोला आणखी थंड करतो, म्हणून तिथे जांभळट कल बरा.

नमुना पाहण्याची रीत : शेडकार्डाचा बोटभर चौकोन पाहून हा रंग निवडणे धोक्याचे आहे. निदान ६० सेंटीमीटर लांबी-रुंदीच्या फळीवर किंवा जाड पुठ्ठ्यावर रंगाचे दोन हात द्यावेत आणि ती फळी खोलीत फिरवून सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर पाहावी. पांढऱ्या भिंतीवरच नमुन्याचा पट्टा ओढला तर शेजारच्या पांढऱ्यामुळे तो आहे त्याहून गडद भासतो. शेजारचे रंग एकमेकांना बदलून टाकतात हा परिणाम फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेवरूल यांनी १८३९ मध्येच सविस्तर मांडला होता. खोली मुख्यतः रात्री वापरात असेल, तर निर्णय रात्रीच्या नमुन्यावर सोपवावा. हा नियम साधा आहे, आणि तोच सर्वाधिक वेळा पाळला जात नाही.

कुठे आणि किती : ‘एकच भिंत गडद करा’ हा सल्ला सरसकट दिला जातो. त्या भिंतीवर नजर खिळवणारे काही असेल, जसे पलंगाची पाठ, पुस्तकांचे कपाट किंवा मोठे चित्र, तरच तो उपयोगी. रिकामी इंडिगो भिंत इतर तीन पांढऱ्या भिंतींपासून तुटून पडते. छोट्या अभ्यासिकेत किंवा शयनगृहात चारही भिंती, दारे आणि चौकटी एकाच इंडिगोत रंगवल्यास कोपऱ्यांच्या रेषा पुसट होतात आणि जागेला गहिरेपणा येतो. गडद रंगाने जागा लहानच दिसते हा समज इथे खोटा ठरतो. टीव्हीमागे मॅट (चकाकी नसलेला) इंडिगो असला की पडद्याच्या उजेडाची झळाळी भिंतीवर उठत नाही. संपूर्ण भिंतीचे धाडस नसेल तर कपाटाच्या आतली बाजू, कोनाडा किंवा मुख्य दार यांपासून सुरुवात करता येते.

सोबतीला निळसर पांढरा घेतला तर कडा धारदार दिसतात. मलईसारखा किंवा किंचित करडा पांढरा त्यांना मऊ करतो. गेरू, विटकरी, मोहरी या रंगांनी आणि अक्रोड वा सागाच्या लाकडाने इंडिगो खुलतो, कारण रंगचक्रात निळ्याच्या समोर येणारा नारिंगी त्या सगळ्यांत थोडाफार असतो. जांभळा, गडद हिरवा आणि काळा यांच्या शेजारी मात्र तो हरवतो.

रंगकाम : इंडिगो हा रंगाऱ्याची परीक्षा घेणारा रंग आहे. फिक्या रंगांना झाकण्याची ताकद देणारा टायटॅनियम डायॉक्साइड गडद छटांच्या बेसमध्ये (रंगद्रव्ये मिसळण्याआधीच्या मूळ रंगात) जवळजवळ नसतो, त्यामुळे दोन हातांनंतरही खालची भिंत डोकावते. पांढऱ्याऐवजी मध्यम करड्या रंगाचा प्रायमर मारला तर हे काम पुष्कळ सोपे होते. तरी तिसऱ्या हाताची तयारी ठेवावी. लांबी (पुट्टी) भरून झाल्यावर भिंत पॉलिश पेपरने नीट घासून तिरप्या टॉर्चच्या उजेडात तपासावी, कारण गडद पृष्ठभागावर लहानसा उंचवटाही उठून दिसतो. नव्या गिलाव्यावर घाई करू नये. तो निदान चार आठवडे वाळू द्यावा. ओल असलेल्या भिंतीतून वर येणारे क्षार पांढऱ्या रंगावर खपून जातात, इंडिगोवर त्यांचे पांढरे डाग स्पष्ट दिसतात. ओल आधी थांबवावी. गडद रंग हा तिच्यावरचा उपाय नव्हे.

एका भिंतीला लागणारे सगळे डबे आधी मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्यावेत, म्हणजे डब्याडब्यांतला फरक भिंतीवर येत नाही. काम सुरू केले की भिंत एका दमात पूर्ण करावी. वाळलेल्या कडेवर पुन्हा रोलर फिरला की जोडाचे पट्टे उमटतात. ओला असताना इमल्शन दुधाळ आणि फिका दिसतो आणि वाळल्यावर गडद होतो, म्हणून रंग चुकला की काय हे वाळेपर्यंत ठरवू नये.

अगदी मॅट फिनिशमध्ये इंडिगो सर्वांत खोल दिसतो, पण हात, पिशव्या, खुर्चीची पाठ घासून त्यावर चकाकते ओरखडे पडतात आणि पुसायला गेले की ते वाढतात. ये-जा असलेल्या मार्गिकेत किंवा मुलांच्या खोलीत धुता येण्याजोगा मॅट किंवा सॅटिन (मंद चकाकीचा) निवडावा. दारे-चौकटींना सॅटिन किंवा सेमी-ग्लॉस. रंग दिल्यानंतर पहिले काही आठवडे भिंत ओल्या फडक्याने पुसू नये. नंतरच्या डागडुजीसाठी मूळ मिश्रणाचा थोडा रंग हवाबंद ठेवावा आणि छटेचा क्रमांक डब्यावर लिहून ठेवावा. ठिगळ मात्र दिसतेच, त्यामुळे खराब झालेला भाग मोठा असेल तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत रंगवणे परवडते. पुढे कधी फिका रंग द्यायचा झाल्यास आधी झाकणक्षमता चांगली असलेल्या पांढऱ्या प्रायमरचे एक-दोन हात द्यावे लागतात.