युरोपियम म्हणजे लाल नव्हे: एकाच मूलद्रव्याचे दोन आयन

फॉस्फर, म्हणजे बाहेरून मिळालेली ऊर्जा शोषून प्रकाश देणारे पदार्थ, यांविषयीच्या लेखांत, विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत आणि पदव्युत्तर प्रकल्प-अहवालांतही ‘युरोपियममुळे लाल प्रकाश मिळतो’ हे वाक्य इतक्या सहजतेने लिहिले जाते, की त्यात आयनाचा (इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूचा) प्रभार सांगायचा राहून गेला आहे, हे कोणाच्या लक्षातच येत नाही. युरोपियम ३+ आणि युरोपियम २+ यांचे मूलद्रव्य एक असले, तरी प्रकाशाच्या दृष्टीने त्यांना दोन वेगळे पदार्थच समजावे.

त्रिसंयुजी आयन, म्हणजे ३+, बहुतेकांच्या परिचयाचा आहे. जुन्या रंगीत दूरचित्रवाणी संचांच्या पडद्यावरील लाल ठिपके आणि सीएफएल दिव्यातील ६११ नॅनोमीटरची लाल रेषा ही त्याचीच कामगिरी, त्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही. दोघांतील इलेक्ट्रॉनांच्या संख्येचा फरकही (४एफ कक्षकांत, म्हणजे अणूतील इलेक्ट्रॉनांच्या एका गटाच्या जागांत, ३+ मध्ये सहा, २+ मध्ये सात) पाठ करण्यापुरताच आहे.

खरी गफलत होते ती प्रकाश कोणत्या संक्रमणातून येतो, या मुद्द्यावर. युरोपियम ३+ मध्ये इलेक्ट्रॉन ४एफच्या एका पातळीवरून ४एफच्याच दुसऱ्या पातळीवर उतरतो. ही कक्षके माजघरासारखी आत आहेत आणि बाहेरून ५एस व ५पी या भरलेल्या कक्षकांनी झाकलेली आहेत. त्यामुळे आयन ऑक्साइडात ठेवा, काचेत ठेवा किंवा प्लॅस्टिकमध्ये, त्याच्या अरुंद रेषा काही नॅनोमीटरपलीकडे हलत नाहीत. आजूबाजूच्या अणूंच्या मांडणीनुसार बदलते ते ५९० च्या आसपासच्या नारिंगी आणि ६१० ते ६२० च्या दरम्यानच्या लाल रेषांचे परस्पर प्रमाण. युरोपियम २+ मध्ये मात्र इलेक्ट्रॉन ५डी पातळीवरून ४एफमध्ये येतो, आणि ५डी कक्षके उघड्यावर असल्यामुळे शेजारचे अणू त्यांची ऊर्जा थेट वरखाली करतात. म्हणूनच हा आयन बेरियम मॅग्नेशियम अल्युमिनेटमध्ये सुमारे ४५० नॅनोमीटरचा निळा, स्ट्रॉन्शियम अल्युमिनेटमध्ये सुमारे ५२० चा हिरवा आणि कॅल्शियम अल्युमिनियम सिलिकॉन नायट्राइडमध्ये ६५० च्या आसपासचा लाल पट्टा देतो. आयन ज्यात बसवला आहे त्या आधार स्फटिकाचे नाव घेतल्याशिवाय युरोपियम २+ चा रंग सांगणे मला निरर्थक वाटते.

सीएफएल दिव्याच्या आतल्या पांढऱ्या थरात हे दोन्ही आयन एकत्र नांदतात: निळा प्रकाश २+ चा, लाल ३+ चा आणि हिरवा टर्बियम या दुसऱ्या मूलद्रव्याचा. हे माहीत असलेला वाचकही एलईडीकडे वळला की घसरतो आणि उबदार पांढऱ्या एलईडीतील रुंद लाल पट्टा ३+ च्या नावावर जमा करतो. एलईडीची चिप ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश देते. ३+ तो फारसा शोषत नाही, कारण त्याच्या शोषणरेषा अरुंद आणि दुबळ्या असतात, तर २+ चा रुंद शोषणपट्टा तो सहज टिपतो. म्हणून तेथे नायट्राइडातील २+ वापरतात. त्याच्या पट्ट्याचा बराच भाग डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या गडद लालमध्ये वाया जातो, हा त्याचा खरा दोष आहे.

अंधारात तासन्‌तास हिरवे चमकणारे ‘बाहेर जाण्याचा मार्ग’ हे फलकही बहुधा २+ चेच असतात. स्ट्रॉन्शियम अल्युमिनेटमध्ये डिस्प्रोसियम हे मूलद्रव्य मिसळल्याने स्फटिकात इलेक्ट्रॉन अडकवणारे खोल सापळे मिळतात, त्यांत अडकलेले इलेक्ट्रॉन हळूहळू सुटतात आणि प्रकाश अखेरीस युरोपियम २+ मधूनच बाहेर पडतो. डिस्प्रोसियम चमकतो असे लिहिणे चूक आहे. ३+ आणि २+ चे दोन्ही फॉस्फर बनवताना सुरुवात युरोपियम ऑक्साइडाच्या त्याच पांढऱ्या भुकटीने होत असल्यामुळे गोंधळाला आणखी वाव मिळतो. भट्टीत हवा असेल तर सहसा ३+ उरतो, तर २+ साठी हायड्रोजनमिश्रित नायट्रोजन सोडावा लागतो. अल्युमिनेटची भुकटी २५४ नॅनोमीटरच्या जंबुपार दिव्याखाली हिरवीऐवजी लालसर दिसली, तर क्षपण (३+ चे २+ मध्ये रूपांतर) अपुरे झाले असे समजावे.

रंग, प्लॅस्टिक यांसारख्या संमिश्र पदार्थांतही दोघांना वेगळी वागणूक द्यावी लागते. अल्युमिनेट पाण्याने विघटित होते, म्हणून पाण्यावर आधारित रंगात घालण्यापूर्वी त्याच्या कणांवर सिलिकाचा थर चढवतात. आणि रंग गुळगुळीत व्हावा म्हणून कण बारीक दळण्याचा मोह टाळलेलाच बरा, कारण दळल्याने चमक घटते. युरोपियम ३+ ॲक्रिलिकसारख्या प्लॅस्टिकमध्ये सेंद्रिय संयुगाच्या रूपात घालतात, म्हणजे आयनाभोवतीचे रेणू जंबुपार किरण शोषून ती ऊर्जा आयनाला देतात. त्याचा प्रकाश मिलिसेकंदाच्या आसपास टिकतो, २+ चा, सापळ्यांमुळे रेंगाळणारी चमक सोडली तर, साधारण मायक्रोसेकंदभरच. रक्तातील संप्रेरके मोजणाऱ्या काही चाचण्यांत याच दीर्घ आयुष्याचा उपयोग करतात: प्रकाशाचा झोत टाकल्यावर नमुन्याची स्वतःची नॅनोसेकंदांत विझणारी चमक सरेपर्यंत उपकरण थांबते आणि त्यानंतरच युरोपियम ३+ चा लाल प्रकाश मोजते.