एमएस आणि ऑपरेशन: भूल दिल्यावर लक्षणं का वाढतात

मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे सगळे म्हणतात तसं एमएस, असलेल्या माणसाचं ऑपरेशन ठरलं, मग ते पित्ताशयाचं असो, सिझेरियन असो की गुडघ्याचं, की घरात पहिली भीती भुलेची असते. भुलेमुळे आजार वाढेल का? नुसत्या ऑपरेशनमुळे किंवा भुलेमुळे एमएसचा नवा अटॅक येतो असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही, पण ऑपरेशननंतरच्या काही दिवसांत जुनी लक्षणं परत वर येऊ शकतात आणि ती कशामुळे आली हे शोधणं फार गरजेचं असतं, कारण बहुतेक वेळा कारण सापडतं आणि त्यावर उपायही असतो.

एमएसमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते. आवरण गेलेल्या नसेतून संदेश जेमतेम पुढे जातो, आणि शरीराचं तापमान अर्धा डिग्री सेल्सिअस जरी वाढलं तरी तो अडू शकतो. मग नजर अंधुक होते, पाय जड होतात, हातापायांना मुंग्या येतात, आणि शरीर थंड झालं की हे सगळं ओसरतं. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये व्यायामानंतर पेशंटची नजर मंदावते हे नोंदवलं होतं, म्हणून याला उथॉफचा परिणाम म्हणतात. एमआरआय येण्याआधी तर संशयित पेशंटला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का हे बघायचे!

आता वॉर्डातलं चित्र बघा. ऑपरेशनचा तिसरा दिवस, पेशंट म्हणतो की परवा ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, चालत गेलो आणि आज डावा पाय उचलत नाही, आणि घरच्यांची खात्रीच पटलेली असते की भूल बाधली. पण चार्ट नीट बघितला तर ताप १०० पॉइंट काहीतरी असतो, कॅथेटरच्या पिशवीतली लघवी गढूळ असते, रात्रभर दुखण्यामुळे झोप नसते. लघवीचं इन्फेक्शन एमएसवाल्यांना एरवीही पटकन होतं कारण बऱ्याच जणांचं मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. अशा वेळी लघवीची तपासणी, कल्चर, अँटिबायोटिक, तापासाठी पॅरासिटामॉल एवढ्यानेही पाय हळूहळू पूर्वपदावर येतो. याला खोटा अटॅक म्हणतात. खरा अटॅक म्हणायला नवी किंवा वाढलेली लक्षणं किमान २४ तास टिकावी लागतात आणि ताप, इन्फेक्शन असं दुसरं कारण नसावं लागतं. हा फरक न करता खऱ्या अटॅकवर देतात ते स्टिरॉइडचे मोठे डोस थेट सुरू केले तर आत असलेलं इन्फेक्शन भडकू शकतं, म्हणून आधी तापाचं कारण शोधायलाच हवं. ओटीतसुद्धा भूलतज्ज्ञ तापमानावर सतत नजर ठेवतात, पेशंट तापू नये आणि गारठूही नये म्हणून.

भुलेच्या प्रकारांपैकी पूर्ण भूल चालते. कंबरेतल्या इंजेक्शनबद्दल, म्हणजे स्पायनलबद्दल, जुन्या डॉक्टरांना जास्त धास्ती होती, कारण आवरण नसलेल्या मज्जारज्जूला औषध थेट लागून इजा होईल असं वाटायचं. एपिड्युरलमध्ये, म्हणजे मज्जारज्जूभोवतीच्या पिशवीच्या बाहेर देतात त्या इंजेक्शनमध्ये, औषध मज्जारज्जूपर्यंत कमी प्रमाणात पोचतं म्हणून ते त्यातल्या त्यात बरं मानलं गेलं. १९९८ मध्ये १२ युरोपीय देशांतल्या गरोदर एमएस पेशंटचा मोठा अभ्यास छापून आला, त्यात बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत अटॅक वाढलेले दिसले पण एपिड्युरलचा त्याच्याशी संबंध दिसला नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण बाळंतिणीला नंतर त्रास झाला की दोष हमखास त्या इंजेक्शनवर येतो. आता स्पायनलसुद्धा गरज असेल तर कमी डोसमध्ये देतात.

एक औषध मात्र खरंच जपून. सक्सिनिलकोलीन, म्हणजे भूल देताना स्नायू सैल करायला वापरतात ते. ज्यांचे पाय खूप लुळे आहेत किंवा जे बरेच दिवस अंथरुणाला खिळलेत, त्यांच्या रक्तातलं पोटॅशियम याने एकदम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून तिथे रोक्युरोनियमसारखं दुसरं औषध वापरतात.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो गोळ्यांचा, आणि तो टाळता येतो म्हणून जास्त वाईट वाटतं. रात्रीपासून एनबीएम, म्हणजे तोंडाने काहीच घ्यायचं नाही, असं सांगितलं की घरचे सगळ्याच गोळ्या बंद करतात, त्यात स्नायूंच्या ताठरपणासाठीची बॅक्लोफेनही जाते, आणि ती अचानक थांबली तर ताठरपणा उसळतो, भास होतात, फिट्सही येऊ शकतात. साधारणपणे ती सकाळी घोटभर पाण्यासोबत देतात पण हे भूलतज्ज्ञांना आधी विचारून घ्यायचं. फिंगोलिमोड किंवा नॅटालिझुमॅब ही एमएस आटोक्यात ठेवणारी औषधं आपल्या मनाने बंद केली तर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आजार जोराने उलटू शकतो, आणि फिंगोलिमोडने ठोकेही मंदावतात म्हणून तेही सांगायचं. फार दिवस स्टिरॉइड चालू असेल तर ऑपरेशनच्या वेळी जादा डोस लागू शकतो. पीएसीच्या, म्हणजे भुलेआधीच्या तपासणीच्या, दिवशी सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि न्यूरोलॉजिस्टची चिठ्ठी सोबत न्या, गिळताना ठसका लागतो का, धाप लागते का, उठल्यावर चक्कर येते का हेही न विचारता सांगा, कारण भुलेतून बाहेर येताना श्वास आणि बीपी कसं राहील याचा अंदाज त्यावरून बांधतात.

आपल्याकडे अजून एक गोष्ट बघायला हवी ती व्हिटॅमिन बी-१२ची. शाकाहारी लोकांत ते बऱ्याचदा कमी असतं, आणि नायट्रस ऑक्साइड हा भुलेचा वायू शरीरातलं बी-१२ निकामी करतो. आधीच कमतरता असलेल्या माणसाला तो दिला तर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी मुंग्या, तोल जाणं, पायात अशक्तपणा असं सगळं एमएससारखंच दिसतं आणि ते एमएसच्या खात्यावर जमा होतं. म्हणून ऑपरेशनआधी बी-१२ तपासून घेतलेलं बरं, आणि नंतर ताप नाही, इन्फेक्शन नाही, गोळ्याही चालू आहेत आणि तरी त्रास दिवसभराच्या वर टिकला तर थांबून न राहता न्यूरोलॉजिस्टला कळवायचं, ते तपासून एमआरआय लागेल का ते ठरवतात.